जुन्या संगणकाची वेगमर्यादा

जयपूर शहराच्या मध्यभागी, राजवाड्याला लागूनच, सवाई जयसिंगाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात उभारलेली जंतरमंतर ही वेधशाळा आहे. तिच्यातील सर्वांत भव्य यंत्र म्हणजे बृहत् सम्राटयंत्र. सुमारे २७ मीटर उंचीची एक तिरपी भिंत आणि तिच्या दोन्ही अंगांना सुमारे १५ मीटर त्रिज्येच्या दोन वर्तुळाकार कमानी, अशी या यंत्राची रचना आहे. सूर्य आकाशात सरकू लागला की भिंतीची सावली कमानीवरून सेकंदाला साधारणतः एक मिलिमीटर या गतीने सरकते. कमानीवरील सूक्ष्मतम खुणा दोन दोन सेकंदांच्या आहेत.

आता असे समजू की एखाद्या राजाने याच आकृतीचे, परंतु दुप्पट मोठे यंत्र बांधले. सावली दुप्पट वेगाने सरकेल व खुणांमधील अंतरही दुप्पट होईल. मग कालमापन दुप्पट सूक्ष्म होईल काय? सकृद्दर्शनी उत्तर होकारार्थी वाटते. परंतु ते चूक आहे. सूर्य हा बिंदू नसून आकाशात सुमारे अर्ध्या अंशाची जागा व्यापणारे बिंब आहे. त्यामुळे सावलीची कडा रेखीव न राहता पुसट होते. पंधरा मीटर अंतरावर या पुसट पट्ट्याची रुंदी सुमारे १४ सेंटिमीटर भरते, आणि तेवढे अंतर कापण्यास सावलीला दोन मिनिटांहून किंचित अधिक वेळ लागतो. यंत्र दुप्पट केले की हा पट्टाही दुप्पट रुंद होतो! दोन मिनिटांचा पुसटपणा जसाच्या तसा उरतो. याउलट, त्या पुसट पट्ट्यात एखादी बारीक काडी किंवा ताणलेला दोरा धरून त्याच्या सावलीच्या साहाय्याने वेध घेतल्यास तेच जुने यंत्र पुष्कळ अधिक अचूक वेळ दाखविते. म्हणजे मर्यादा दगडात नव्हती. ती कडेच्या पुसटपणात होती. सुधारणाही तेथेच करावयास हवी होती.

कोणत्याही यंत्राची शक्ती वाढवू पाहणाऱ्याने हा धडा ध्यानात ठेवावा. आजच्या काळात शाळा-शाळांतून व ग्रंथालयांतून वारंवार विचारला जाणारा एक प्रश्न याच जातीचा आहे. संगणक जुना झाला, मंद झाला. तो टाकून न देता त्याच्यात अधिक वेगवान प्रोसेसर बसविता येईल काय? येत असल्यास जास्तीत जास्त कोणता?

प्रश्न क्षुल्लक नव्हे. एखाद्या शाळेच्या संगणककक्षात वीस जुने संगणक असतील, तर चुकीचा प्रोसेसर निवडल्याने वर्षाचे सारे अनुदान वाया जाऊ शकते. उलट, थोड्या विचाराने सुधारता आली असती अशी यंत्रे भंगारात गेली, तर पैसा तर जातोच. शिवाय शिसे व अन्य घातक द्रव्ये असलेल्या कचऱ्याचा ढीग वाढतो. इलेक्ट्रॉनिक कचऱ्यासंबंधीचे भारत सरकारचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले. परंतु जी वस्तू कचरा झालीच नाही, तिच्यासाठी नियमांची गरजच पडत नाही.

मूळ फळी आणि तिचा पाहुणा

संगणकाची पेटी उघडली की तळाशी किंवा बाजूला एक मोठी, बहुधा हिरवी किंवा निळी फळी दिसते. हिलाच मदरबोर्ड म्हणतात. संगणकाचे सर्व भाग या फळीवर किंवा फळीला जोडलेले असतात, आणि त्यांच्यातील विद्युत्-संदेश तिच्यातील तांब्याच्या सूक्ष्म रेषांतून धावतात. फळीवर एक चौकोनी खोबण असते; तिला सॉकेट असे नाव आहे. प्रोसेसर या खोबणीत बसतो. आकडेमोड करणे, आज्ञा वाचणे व त्या पार पाडणे ही कामे त्याची.

प्रोसेसर खोबणीतून काढता येतो, या एका गोष्टीमुळे पुष्कळांची अशी समजूत होते की त्या जागी कोणताही नवा प्रोसेसर बसविता येईल. वस्तुतः फळी ज्या दिवशी आखली जाते, त्या दिवशीच तिच्या पाहुण्यांची यादी बव्हंशी निश्चित झालेली असते. नव्या पाहुण्याला आत येण्यापूर्वी चार दारे ओलांडावी लागतात, आणि चारही उघडली तरच त्याचा प्रवेश होतो.

पहिले दार : खोबण

इंटेल कंपनीच्या एलजीए ११५५ या खोबणीत नावाप्रमाणेच ११५५ संपर्कबिंदू असतात. ११५० किंवा ११५१ बिंदूंचा प्रोसेसर तेथे बसणार नाही, हे सांगावयास नको. परंतु बिंदूंची संख्या जुळली म्हणजे सर्व जुळले, असेही नाही. इंटेलची ११५१ बिंदूंची खोबण २०१५ मध्ये आली. २०१७ मध्ये आलेल्या नव्या पिढीच्या प्रोसेसरांचे बिंदूही ११५१ च होते. तथापि कोणत्या बिंदूतून वीज व कोणत्यातून संदेश जावयाचा, याची मांडणी बदललेली असल्याने ते जुन्या फळ्यांवर चालले नाहीत.

वेधशाळेचेच उदाहरण घ्यावयाचे तर जयसिंगाने उज्जैन येथेही सम्राटयंत्र बांधले. दोन्ही यंत्रांची आकृती एकच. पण जयपूरच्या भिंतीचा चढ सुमारे २७ अंशांचा, तर उज्जैनच्या भिंतीचा सुमारे २३ अंशांचा आहे, कारण तो चढ त्या त्या स्थळाच्या अक्षांशाएवढा असावा लागतो. एका ठिकाणची भिंत जशीच्या तशी दुसरीकडे उभारली तर ती यंत्रासारखी दिसेल, पण वेळ चुकीची दाखवील.

दुसरे दार : चिपसेट

प्रोसेसर व इतर भाग यांच्यातील दळणवळण सांभाळणाऱ्या फळीवरील सहायक चिपला चिपसेट म्हणतात. २०११ मध्ये एलजीए ११५५ खोबणीसाठी इंटेलने अनेक चिपसेट काढले. पुढील वर्षी, २०१२ मध्ये, त्याच खोबणीसाठी ‘आयव्ही ब्रिज’ ही प्रोसेसरांची नवी पिढी आली. एच६१ या स्वस्त चिपसेटच्या फळ्यांना ही नवी पिढी स्वीकारता आली. मात्र त्याच वेळच्या क्यू६५, क्यू६७ व बी६५ या चिपसेटना ती परवानगी मिळाली नाही. गंमत अशी की नाकारले गेलेले हे तिन्ही चिपसेट कचेऱ्यांसाठी मुद्दाम बनविलेले होते. तेव्हा फळी महाग होती की स्वस्त, यावरून काहीच अनुमान काढता येत नाही.

तिसरे दार : बायोस

वीज सुरू होताच जी छोटी आज्ञावली सर्वप्रथम जागी होते आणि प्रोसेसर, स्मृती, तबकडी यांची ओळख पटवून घेते, तिला बायोस म्हणतात. फळीवरील एका लहानशा चिपमध्ये ती साठविलेली असते. प्रोसेसर बाजारात येण्यापूर्वी लिहिलेल्या बायोसला त्याची ओळख बहुधा नसते. अशा वेळी पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो. उपाय म्हणजे फळीच्या उत्पादकाने दिलेली नवी बायोस भरणे. बहुतेक फळ्यांवर ती जुना प्रोसेसर जागेवर असतानाच भरावी लागते. अशा फळ्यांवर क्रम उलटला तर नवा प्रोसेसर यंत्र सुरू होऊ देत नाही आणि यंत्र सुरू झाल्यावाचून बायोस भरता येत नाही. हे काम चालू असताना वीज गेल्यास फळी निकामी होण्याचा संभव असतो. म्हणून बॅटरीच्या आधाराशिवाय ते कदापि हाती घेऊ नये.

ही चिप किती लहान असते, याचा प्रत्यय एएमडी कंपनीच्या एएम४ खोबणीच्या बाबतीत आला. ही खोबण अनेक वर्षे व अनेक पिढ्या टिकली. परंतु पुष्कळशा जुन्या फळ्यांवरील बायोस-चिपची क्षमता १६ मेगाबाइट एवढीच असल्याने सर्व पिढ्यांच्या प्रोसेसरांची माहिती तीत एकाच वेळी मावेना. काही उत्पादकांना नव्यांसाठी जागा करताना जुन्यांची नावे गाळावी लागली.

चौथे दार : वीज आणि उष्णता

९५ वॅट शक्ती वापरणारा प्रोसेसर सुमारे १.२ व्होल्ट दाबावर चालत असेल, तर भागाकार करून पाहावा : सुमारे ७९ अँपिअर! हजार वॅटची घरगुती इस्त्री साडेचार अँपिअरच्या आत काम भागविते. एवढा प्रचंड प्रवाह नखाएवढ्या चकतीला स्थिर दाबाने पुरविण्याचे काम खोबणीभोवतालच्या विद्युत्-नियामक भागांचे असते. स्वस्त फळीवर हे भाग मोजकेच असतात. ६५ वॅटच्या हिशेबाने बांधलेल्या फळीवर ९५ वॅटचा प्रोसेसर बसविला, तर तो एकतर सुरूच होत नाही, किंवा आपला वेग आपण होऊन कमी करतो, किंवा काही काळाने फळीच तापून बिघडते.

खर्च झालेली वीज अखेर उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते, आणि येथे जयपूरचा उन्हाळा आपला वाटा मागतो. उष्णता वाहून जाण्याचा वेग हा तप्त वस्तू व भोवतालची हवा यांच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असतो. प्रोसेसरची तबकडी ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापू द्यावयाची असे ठरविले, तर २५ अंशांच्या खोलीत हा फरक ४५ अंशांचा असतो. मे महिन्यात खोलीतील हवा ४० अंशांवर गेली की तो ३० अंशांवर येतो. पंखा तोच, धातूचे पाते तेच. परंतु त्यांची उष्णता वाहून नेण्याची शक्ती एक-तृतीयांशाने घटली. त्यात वाळवंटाकडून येणारी बारीक धूळ पात्यांच्या फटींत बसली म्हणजे स्थिती आणखीच बिकट होते. यास्तव जयपुरात किंवा विदर्भात जो प्रोसेसर निवडावयाचा, तो थंड हवेच्या गावच्या मापाने निवडून चालणार नाही.

आकड्यांची भूल

चार दारांतून कोणकोण आत येऊ शकतात हे कळल्यावर त्यांच्यात सर्वांत वेगवान कोण, हा प्रश्न येतो. प्रोसेसरमध्ये एक विद्युत्-घड्याळ ठोके देत असते. मूळ ठोक्यांना एका ठरावीक संख्येने गुणून त्याची गती मिळते. उदाहरणार्थ, एलजीए ११५५ च्या फळीवर मूळ ठोके सेकंदाला दहा कोटी असतात. कोअर आय७-३७७० या प्रोसेसरचा गुणक ३४, म्हणून त्याची मूळ गती ३.४ गिगाहर्ट्झ.

तथापि केवळ ठोके मोजून वेग ठरविणे म्हणजे केवळ पावले मोजून अंतर ठरविणे होय. एका पावलात किती वाट सरते, हेही पाहावयास हवे. २००४ च्या अखेरीचा पेंटियम ४ ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोहोचला होता व त्याला ११५ वॅट लागत. २००६ च्या जुलैत आलेला कोअर २ डुओ ई६६०० केवळ २.४ गिगाहर्ट्झचा व ६५ वॅटचा होता; तरीही दर ठोक्याला अधिक काम उरकत असल्याने आणि एकाऐवजी दोन गाभे असल्याने त्याने पेंटियमला मागे टाकले. पिढी, गाभ्यांची संख्या, ठोके आणि जवळच्या द्रुतस्मृतीचा आकार या चारही गोष्टी एकत्र पाहूनच तुलना करावी.

एक हिशेब करून पाहू

समजा, जयपुरातील एका शाळेत एच६१ चिपसेटचे संगणक आहेत व त्यांत पेंटियम जी६२० हा २.६ गिगाहर्ट्झचा, दोन गाभ्यांचा, ६५ वॅटचा प्रोसेसर आहे. तपासाची पहिली पायरी म्हणजे फळीचे नाव व आवृत्ती शोधणे. ही दोन्ही फळीवरच छापलेली असतात. पेटी न उघडता सीपीयू-झेडसारख्या छोट्या आज्ञावलीनेही ती समजतात. त्यानंतर उत्पादकाने प्रसिद्ध केलेली त्या फळीची प्रोसेसर-यादी पाहावी. प्रत्येक नावासमोर कोणती बायोस आवृत्ती हवी, हेही तीत दिलेले असते. ही यादी म्हणजेच खरे प्रमाण; दुकानदाराचा भरवसा किंवा शेजारच्या शाळेचा अनुभव ही प्रमाणे नव्हेत, कारण एकाच नावाच्या फळीच्या दोन आवृत्त्यांतही भेद असू शकतो.

काही फळ्यांच्या यादीत झिऑन ई३-१२९० व्ही२ असे नाव आढळते. ३.७ गिगाहर्ट्झ, आवश्यकतेनुसार ४.१ पर्यंत, या खोबणीतील हा सर्वांत वेगवान. मग शोध संपला काय? नाही. या प्रोसेसरमध्ये चित्र उमटविणारा भाग नाही. शाळेच्या संगणकात वेगळे चित्रकार्ड नसेल, तर सर्वांत वेगवान प्रोसेसर बसवूनही पडद्यावर एक अक्षर दिसणार नाही. शिवाय तो ८७ वॅटचा आहे. त्याच्याहून किंचित मंद असा कोअर आय७-३७७० पाहावा : चार गाभे, ३.४ ते ३.९ गिगाहर्ट्झ, ७७ वॅट, आणि चित्रभाग अंगभूत. याच्या आदल्या पिढीतील आय७-२६०० ला ९५ वॅट लागत असत; म्हणजे नवा प्रोसेसर अधिक वेगवान असूनही कमी तापतो. जयपूरच्या त्या शाळेला, फळीच्या यादीत नाव असल्यास, हाच योग्य होय. तात्पर्य, यादीतील सर्वांत वेगवान व उपयोगाचा सर्वांत वेगवान हे दोन्ही एकच असतील, असे नाही.

पुण्याचा एक अनुभव

जुन्या रचनेला नव्या प्रोसेसराची जोड देण्याचा प्रश्न केवळ शाळांनाच पडतो असे नाही. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. ट्रान्सप्युटर नावाचे अनेक प्रोसेसर एकमेकांना जोडून तो घडविला होता. प्रत्येक ट्रान्सप्युटरला शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार दुवे असत. हे त्याचे बलस्थान. परंतु आकडेमोडीची त्याची शक्ती लवकरच अपुरी वाटू लागली. इंटेलचा आय८६० हा प्रोसेसर आकडेमोडीत पुष्कळ प्रबळ होता. मात्र त्याला तसे दुवे नव्हते. संशोधकांनी दोहोंपैकी एकाला हद्दपार केले नाही. ‘परम ८६००’ मध्ये त्यांनी गणिताचा भार आय८६० कडे सोपविला आणि निरोपांची ने-आण ट्रान्सप्युटरांकडेच ठेवली. आधीच्या यंत्रासाठी लिहिलेल्या आज्ञावल्या नव्या यंत्रावरही उपयोगी पडल्या. अडचण नेमकी कोठे आहे हे ओळखून तेवढाच भाग बदलला, हे या यशाचे मर्म आहे.

वेळ कोठे जातो?

गणिताने हेच मर्म एका सूत्रात बसविले आहे. जीन आम्डाल या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९६७ मध्ये असे दाखवून दिले की कामाचा जो भाग वेगवान केला नाही, तोच अखेर एकूण वेगाची मर्यादा ठरवितो. उदाहरणादाखल, एखादा पाठ पडद्यावर उघडण्यास ६० सेकंद लागतात, त्यांपैकी ४० सेकंद चुंबकीय तबकडीवरून माहिती येण्याची वाट पाहण्यात व २० सेकंद प्रोसेसरच्या कामात जातात, असे धरू. दुप्पट वेगाचा प्रोसेसर बसविल्यास २० चे १० होतील. एकूण ५० सेकंद. प्रोसेसर अनंत वेगाचा मिळाला, तरी ४० सेकंदांच्या खाली उतरता येणार नाही. उलट, प्रोसेसर तोच ठेवून फिरत्या तबकडीच्या जागी एसएसडी हा स्थिर साठा बसविला व ४० चे ४ झाले, तर एकूण २४ सेकंद होतात. दोन्ही बदलल्यास १४.

जुन्या तबकडीला योग्य जागेवर डोके नेण्यास काही हजारांश सेकंद लागतात; एसएसडीमध्ये हलणारे भागच नसल्याने तेच काम सुमारे एक-दशसहस्रांश सेकंदात होते. म्हणून बहुतेक शाळांच्या संगणकांत पहिला खर्च एसएसडीवर, दुसरा स्मृती वाढविण्यावर आणि तिसरा प्रोसेसरवर, हाच क्रम हितावह ठरतो. मात्र चित्रफितींचे संपादन किंवा मोठी आकडेमोड शिकविणाऱ्या वर्गात प्रोसेसरचा वाटाच मोठा असल्याने क्रम बदलेल. आधी मापन, मग खरेदी, हा नियम मात्र बदलत नाही.

अखेरचे कुंपण

फळीची मर्यादा गाठल्यावरही एक कुंपण उरते, आणि ते फळीबाहेरचे आहे. विंडोज १० या प्रणालीची सर्वसाधारण सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा नंतरचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते. आय७-३७७० हा तिसऱ्या पिढीचा. तो कितीही वेगवान असला तरी अधिकृतपणे तेथे पात्र ठरत नाही. अशा यंत्रांना लिनक्सवर आधारलेल्या प्रणालींचा मार्ग मोकळा आहे. सी-डॅकची ‘बॉस’ ही त्यांपैकीच एक असून तिच्यात मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय आहे. शाळेला जी आज्ञावली केवळ विंडोजवरच चालवावी लागते, तिच्यासाठी मात्र जुन्या फळीवर खर्च न करणेच शहाणपणाचे.

तेव्हा जुना संगणक सुधारू इच्छिणाऱ्याने स्वतःस पुढील क्रमाने प्रश्न विचारावेत : वेळ नेमका कोठे जातो? फळीचे नाव व आवृत्ती कोणती? उत्पादकाच्या यादीत कोणते प्रोसेसर आहेत व त्यांना कोणती बायोस हवी? वीजपुरवठा, पंखा आणि गावचा उन्हाळा त्यांना झेपेल काय? चित्रभाग आहे काय? आणि शेवटी, एवढे करून यंत्र आणखी किती वर्षे सुरक्षितपणे वापरता येईल? हे सहा प्रश्न सोडविण्यास एक कागद, एक पेन्सिल व एक दुपार पुरते. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी शिक्षकांच्या देखरेखीखाली हा तपास केल्यास शाळेचा पैसा वाचेलच. शिवाय संगणक हे बंद पेटीतील गूढ नसून मोजता येण्याजोगे, समजून घेता येण्याजोगे यंत्र आहे, हेही त्यांना स्वतःच्या हातांनी कळेल.